कूलर कळस

चैत्र सरता सरता कोकिळाबाईंचा मेसेज आला,
'कूलर कळस'.
चष्मा लावून तीनदा वाचला.
देवळाचं काही काम निघालं असेल,
वर्गणी किती द्यावी, इथवर माझा विचार गेला.
मग मधल्या भिंतीवरून डोकावले तर
ओट्यापर्यंत पाणी
आणि पाण्यात उभ्या त्या, हातात मोबाइल.
"अवं, गळस म्हंतस मी! गळस! कूलर गळस!"

टाइप करणं त्यांना जमत नाही.
नातू सुरतला परत जाताना माइकचं बटण दाखवून गेला,
दाबायचं आणि बोलायचं.
त्या बोलतात अहिराणी,
फोन शिकलाय पुस्तकातली मराठी.
'शे' म्हटलं की तो 'शेर' लिहितो.
'चहा पेवाले ये' म्हणाल्या, तर मला आलं
'चहा पोवाडे ये'.
तरी गेले. आल्याचा होता.

मी अमळनेर नगरपालिकेत तीस वर्षं
जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहिल्या.
निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा काय घेतलं, तर ड्रिल मशीन.
गल्ली हसली.
कोकिळाबाई तेवढ्या म्हणाल्या, "मनी भितले बी एक पाड."
एक म्हणता म्हणता सात झाली:
पडद्याचा दांडा, सुपाची खुंटी, आरसा,
आणि एक उगाच, चुकून, ज्यात आता मुंग्या राहतात.

पूर्वी एका भोकाला दुपार लागायची.
स्टूल हलतंय म्हणून त्या धरून उभ्या,
मग कुणाची सून, कुणाचं मळणीयंत्र,
भरताची वांगी यंदा कशी बियांनी भरलीत,
आणि सिमेंटची भुकटी आमच्या दोघींच्या केसांत.
आता कूलरचा स्टँड मी व्हिडिओ बघून जोडला.
तो मुलगा फार बोलतो,
पण माझा नट कुठे घरंगळला ते त्याला दिसत नाही.
मशीन भिंतीवरून पिशवीत जातं, पिशवीत येतं.
त्यांचा मेसेज, माझा अंगठा.
तीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले,
शाईचे, रजिस्टरात, बोट धरून, कापडाला पुसून.
आता मीच देते. पिवळा.
कुणाचं बोट धरावं लागत नाही.

वैशाखात एका रात्री, अकरा वाजून गेले होते,
'भीती वाली शेर'.
अंगठा द्यायला बोट उचललं, आणि थांबलं.
टॉर्च घेतली, चप्पल उलटी घातली, फाटक ढकललं.
त्या अंधारात खाटेवर पाय वर घेऊन बसलेल्या.
"भित वली शे, इतलंच म्हंतलं मी.
हात लावा तर झिणझिण कराले लागनं."
कूलरच्या नळीतून पाणी भिंतीत उतरलेलं,
माझ्याच सातव्या भोकातून.
मेन स्विच पाडला. घर एकदम मुकं झालं.

"भीती वाटली का?"
"छे! मी का भ्यास का?"
पण माझं मनगट त्यांनी धरलं होतं,
आणि तो हात उन्हाळ्यातही गार होता.
मला वाटलं, एकदा तरी फोननं
बरोबर ऐकलं असेल.

मग आम्ही ओट्यावर बसलो.
बोललो फारसं नाही.
सुरतला आता किती वाजले असतील, असं त्यांनी विचारलं,
मी म्हटलं, इथे वाजलेत तेवढेच.
त्यावर त्या इतक्या हसल्या
की समोरच्या बडगुजरांचा दिवा लागला.

वायरमन गुरुवारी येतो म्हणालाय.
भिंत अजून वाळलेली नाही.
आणि आता समोरासमोरही आमच्यात
'शे' कुणी म्हणत नाही.
सकाळी भिंतीपलीकडून, फोनशिवाय, हाक येते:
"व माय, पोवाडे तयार शेर!"
मी कप घेऊन निघते.