आज किती?

तोलाईदाराच्या घरात जुनी वजनं असतातच.
यार्डात आता सगळं लाल आकड्यांत,
पण आमच्या पलंगाखालच्या ट्रंकेत
पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत
एक लोखंडी कुटुंब अजून ओळीनं झोपलेलं.

मिरजेहून सन्मतीला घरी आणला
तेव्हा त्याच्याकडे आवाज नव्हता.
सुपारीएवढे होते, मगदूम बाई म्हणाल्या, दोन्ही.
आता आठ-दहा दिवस दुखेल.
किती दुखतंय ते त्याला विचारत राहा,
औषध मात्र घड्याळाला विचारून द्या.

दवाखान्यात भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता होता.
हसरा, बरा, रडवा, फार रडवा.
सन्मतीनं मान फिरवली.
सात वर्षांचा आहे,
कुणी तोंडं केलेली त्याला खपत नाहीत.
म्हणून घरी आल्यावर मी ट्रंक ओढली,
वजनं फरशीवर मांडली,
म्हटलं, बोलू नकोस. उचलून दाखव.

पहिल्या दिवशी दोन किलो.
दुसऱ्या दिवशी एक, आणि विचार करून वर दोनशे.

सहा वर्षं ज्या बाईनं याला
गोळेवाल्याच्या गाडीपासून दंड धरून ओढत नेलं
ती त्रिशला फडक्यात बर्फ बांधून
वरवंट्यानं फोडत बसली.
प्रत्येक ठोक्याला स्वतःचाच एक शब्द फुटत असल्यासारखा चेहरा.
चमच्यातला चुरा तो जिभेवर धरायचा,
गिळायच्या आधी डोळे मिटायचा,
आणि आम्ही दोघंही नकळत
आमचा घसा गिळायचो.

शेजारचे म्हणाले, हळदीच्या गुळण्या द्या.
बाई म्हणाल्या होत्या, गुळण्या नकोत.
अख्ख्या सौद्याची हळद अंगावर घेऊन येणारा मी
त्या आठवड्यात बाहेरच्या नळावर
हात-पाय धुऊनच घरात येत होतो.

आमच्या घरी दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत.
पण रात्री दोनला गजर,
दोनला ते गुलाबी पातळ औषध,
वर चार घोट पाणी.
त्रिशला म्हणाली, देव घड्याळ बघत नसतो.

चौथ्या दिवशी त्यानं शंभरचं उचललं,
भडंगाच्या डब्याकडेही बघून घेतलं.
मी खूश.
रात्री दोनला तो इतका गाढ होता,
तोंड उघडं, घोरणं नाही,
आयुष्यात पहिल्यांदा घोरणं नाही.
झोपलंय पोर, कशाला उठवायचं.
मी गजर बंद केला.

पहाटे ट्रंकेचा आवाज झाला.
अंधारात तो फरशीवर बसला होता,
एक हात कानावर,
दुसऱ्या हातानं
पाच किलोचं माझ्याकडे ढकलत.
उचलत नव्हतं, म्हणून ढकलत.

फोनवर बाई रागावल्या नाहीत, तेच लागलं.
म्हणाल्या, खपली सुटायची वेळ आहे,
कानात कळ जाते, घाबरू नका.
रक्त दिसलं तर मात्र तडक निघा.
आणि दुखणं जागं व्हायच्या आत
मुलाला जागं करा.

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल तोललाय.
पोत्याचं वजन वजा करायला कधी चुकलो नाही.
त्या पहाटे कळलं,
माझी दया मी त्याच्या पारड्यात टाकली होती.

मग गजर वाजला की मी उठायचो.
तो झोपेतच तोंड उघडायचा,
चिमणीच्या पिल्लागत,
आणि कडू लागलं की माझ्या बोटाला चावायचा.
चावू दिलं.

आठवा दिवस, अर्धा किलो.
नववा, शंभर.
अकराव्या दिवशी वजनं पुसून ट्रंकेत ठेवताना
पन्नासचं सापडेना.
सापडलं दप्तरात, कंपासपेटीत.

"हे काय रे?"
"अजून थोडं दुखतंय," नवा, पातळ आवाज म्हणाला.
"कधी?"
"गणिताच्या तासाला."