हलका

बरोबर अकराव्या मिनिटाला जातो.
एरर नाही, निळा पडदा नाही,
पंखे एकदम गप्प
आणि हेडफोनमधून धानोरीची कुत्री ऐकू येतात.

रॅम खोडरबरानं पुसली.
प्रोसेसरवर नवी पेस्ट, वाटाण्याएवढी.
विंडोज तिसऱ्यांदा टाकलं.
तापमान एकसष्ट. एकसष्टला कोण मरतं?

सुहृद म्हणाला, ग्राफिक्स कार्ड गेलंय, विकून टाक.
त्यालाच हवंय ते.

रात्री आई पाण्यासाठी उठली.
भोसरीत बारा वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळतेय.
उघड्या कॅबिनेटपाशी उकिडवी बसली,
सुटा पॉवर सप्लाय हातात घेऊन
कोबीचा गड्डा तोलावा तसा तोलला.

"केवढ्याला?"
"अठराशे. तापकीर गल्ली. साडेसहाशे वॅट."
"हलकाय रे. ह्यात तांबं कुठंय?"

मी नखानं स्टिकर खरवडला.
खाली दुसरा: साडेचारशे.
त्याच्याही खाली एक कोपरा दिसत होता,
तो नाही सोलला.

अठराशे तिच्याच बोनसातले.
ती त्याबद्दल काही बोलली नाही.
तांब्या भरून घेतला, दारात थांबली,
"झाकून ठेव ते," म्हणाली,
"पाल शिरेल."