होल्डर बसवण्याआधी

माझं काम शेवटचं.
वायर ओवायची, होल्डर आवळायचा,
अर्थिंग बघायचं, निघायचं.
तापकीर गल्लीत तेवीस वर्षं हेच केलं.

शाल्मलीबाई मात्र मला आधीच बोलावतात,
दिवा अजून नुसता पत्रा असतो तेव्हा.
तांबट आळीत, विसूभाऊंच्या ओट्यावर,
जिथे बोलायचं तर ओठ वाचावे लागतात.
त्या कागद आणत नाहीत. चित्र नाही, माप नाही.
पत्रा मांडीवर घेतात
तापानं फणफणलेलं पोर घ्यावं तसा,
आणि बोटांनीच विचारतात, कुठे दुखतंय.

"इथून उजेड नको.
इथून त्यानं नुसतं डोकवावं."
मी म्हणालो, बाई, उजेड माझं ऐकत नाही.
वॉट सांगा, वॉटचं मी बघतो.

मठारताना विसूभाऊंचा हात चुकला.
ऐन पोटावर खड्डा, वाटीएवढा.
ऐरण गप्प. तांब्याचा भाव सगळ्यांना ठाऊक.
शाल्मलीबाईंनी दिवा हळू फिरवला,
मागचं पुढे आणलं.
"भोकं आता इथेच, खड्ड्याच्या काठानं."

गुरुवार होता, लाईट नव्हती.
मी मोबाईलची बॅटरी लावून
हात आत घातला कोपरापर्यंत.
समोरच्या काजळल्या भिंतीवर जे पडलं
ते फूल नव्हतं, पान नव्हतं.
विसूभाऊ बघत राहिले.
मग म्हणाले,
"आमच्या दादांचा खांदा. हातोडा उचललेला."

"हलू नका," शाल्मलीबाई मला म्हणाल्या.
हललो असतो तर दादा मोडले असते.
खडूनं त्यांनी खूण केली
माझा अंगठा होता तिथे.
तळापासून साडेचार बोटं.
त्या दिव्याचं एवढंच माप.

पुढे बाणेरहून फोन आला, अकराव्या मजल्यावरून.
दिवा छान, पण पेपर वाचता येत नाही.
गेलो. मोठा बल्ब लावला.
भिंत पांढरीफटक झाली,
पेपर दिसला, बाजारभाव दिसले,
दादा गेले.

काढला. जुनाच परत बसवला.
गरम होता, बोट भाजलं.
घरमालक म्हणाले, "मग वाचायचं कसं?"
म्हटलं, वाचायला ट्यूब लावून देतो.
ह्याला मान द्या.

कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
व्हिजिटचे दोनशे मात्र घेतले.