दोन सूत

सत्तेव्वा वहिनीचा स्टोव्ह
तीन वर्षं पडून होता माझ्या बेंचखाली.
पंपाचा वायसर गेलेला.
"सावकाश द्या मिस्त्री, आता ग्यास आलाय की,"
म्हणाली होती,
आणि मी सावकाशच देत राहिलो.

तेराव्याला राजमोगली काही बोलला नाही.
नंतरही नाही.
अक्कलकोट रोडला त्याचे चार माग चालूच,
त्या खडखडाटात गप्प झालेला माणूस
कुणाला ओळखू येतो?
मला आला,
कारण धोट्याचं टोक झिजलं
तरी तो शिव्या द्यायला आला नाही.

फोटोला हार घालणारे पुष्कळ होते.
मला येतं ते एवढंच: लेथ, कानस, छिन्नी
आणि सुतातलं माप.
आमचं सूत जुळलं तेच मुळी सुतावरून.
मी म्हणायचो, एका इंचात आठ सूत.
तो म्हणायचा, छट्, माझ्या चादरीत मोज, चाळीस.
बत्तीस वर्षं हा एकच विनोद
दोघांनी आळीपाळीनं सांगितलेला.
वहिनी बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता
मान वर न करता हसायची.

रविवारी शटर अर्धं ओढून
स्टोव्ह उपडा केला.
तळाशी वाटीभर रॉकेल निघालं.
दोन चहा झाले असते त्यात.
करवत लावताना हात अडला एकदा:
दुसऱ्याची वस्तू,
आणि विचारलेलंसुद्धा नाही.

टाकी सोड्यानं धुतली, उकलली, सपाट केली.
भट्टीत लाल होऊ दिली
आणि बुडवली बादलीत.
पोलाद असतं तर असं केल्यावर कडक झालं असतं.
पितळ मऊ होतं.
माणसाचं कसं, ते मला ठाऊक नाही.

मग लाकडी ओंडक्यावर ठोकत बसलो.
तेंदूचं पान. अख्खं नाही,
ती कात्रीनं कापायची तेवढंच, बिडीपुरतं.
पान कापायचा तिचा पत्रा मीच करून दिलेला,
म्हटलं, माप हाताला पाठ आहे.
मधली शीर छिन्नीनं उठवली,
बारक्या शिरा खिळ्याच्या टोकानं,
त्यातली एक चुकली, वाकडीच गेली,
तशीच ठेवली.
नाव कोरणार होतो.
मराठीत कोरू का तेलुगूत, कळेना.
ब्रँचच्या पासबुकात ती सही म्हणून
नुसता एक वळसा काढायची.
तो काढायला गेलो आणि
माझ्या हातून त्याचा आकडा झाला, तीन का सहा.
घासून टाकला.
शेवटी चिंच, राख, जुनं धोतर.
हातांचा वास मात्र रॉकेलचाच राहिला.

बुधवारी लाईट बंद, माग बंद.
घरकुलात गेलो तर तो उंबऱ्यावर बसलेला,
बनियनवर, नुसता.
पेपरची पुडी हातात दिली.
त्यानं उघडली, उलटी केली, सुलटी केली,
नाकाशी नेली.
मग आत गेला.
फळीवरनं तिचं सूप काढल्याचा आवाज आला.
बाहेर आला तो तिचा पत्रा घेऊन,
पितळेच्या पानावर ठेवला,
आणि एक डोळा मिटून बघत राहिला,
ताण्यातला तुटका धागा हुडकताना बघतो तसा.

"दोन सूत मोठं झालंय बे."

चाळीस दिवसांतलं पहिलं वाक्य.
मी हात पुढे केला.
"आण, कानशीनं घेतो."

"राहू दे की," तो म्हणाला.
"भिजलेला आकु ती जरा मोठाच कापायची.
वाळला की येतो मापात."

लाईट आली. शेजारचा माग सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा.
तो उठला नाही.
पान सुपात ठेवलं, कात्रीला टेकवून,
तंबाखूचा उरलेला चुरा बोटानं बाजूला सारून.
खूप वेळानं, माझ्याकडे न बघता:

"स्टोव्हचे किती झाले, मिस्त्री?"

म्हटलं, सावकाश दे.