डाव्या खांद्यावर थाप

बेतूलचा पूल ओलांडतानाच ठरलं:
डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे बघ,
उजव्यावर म्हणजे उजवीकडे,
दोन्हींवर एकदम म्हणजे थांब, स्कूटर थांबव, देवाशपथ थांबव.
मागच्या सीटवर इनास बार्रेटो, वय अडुसष्ट,
गळ्यात दुर्बीण, खिशात कानाचं यंत्र.
ते तो लावत नाही. त्यातून म्हणे नुसता वारा येतो,
आणि वारा काही पक्षी नव्हे.

चाळीस वर्षं यानं मला दटावलं, बोलू नको, ऐक.
मी पडलो बँकेतला माणूस.
मला कावळा कळे, कोंबडा कळे
आणि पहाटे साडेचारला उठवल्याचा राग.
आता ऐकायचं काम माझ्याकडे आलंय.
नावं अजून सगळी त्याच्याकडे.

काब द रामच्या चढावर, काजूंच्या झाडीत
काहीतरी ओरडलं. मी इंजिन बंद केलं.
कसं? त्यानं विचारलं, इतक्या मोठ्यानं
की चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.
त्याला ओठ दिसावेत म्हणून मी वळलो.
बिनतेलाची बिजागरी, म्हटलं.
मग बाटलीतून पाणी ओतल्यासारखं.
मग मांजर, पण खोटं.
खोटं मांजर? तो हसायलाच लागला.
भृंगराज तो. नकला करतो. फसवलं तुला.
शेपटीची दोन पिसं लोंबत असतील बघ.
लोंबत होती.

किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्र, दुपारचा, कथलासारखा,
वरून समुद्रगरुड गेला,
नखांत सापाची ओली दोरी, अजून वळवळणारी.
त्याला माझ्या कानांची गरज नव्हती.
मीच नुसता उभा, हेल्मेट हातात घेऊन.

आगोंदला तिसऱ्यांचं सुकं. शिंपल्या त्यानं ताटाच्या कडेनं
एकीला एक लावून मांडल्या, आणि विचारलं,
आज दर्या काय म्हणतो?
भाताचं झाकण उडतंय, मी म्हटलं, मंद आचेवर.
बरं आहे मग, म्हणाला, आणि उरलेली सोलकढी माझी प्याला.

तळपणच्या नदीकाठी दोन्ही खांद्यांवर एकदम थापा,
थापा कसल्या, गुद्देच.
मी ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं
रेतीत आडवे, स्कूटर आमच्यावर, आरसा फुटलेला.
खारफुटीच्या मुळांशी तीन डोकी पाण्यावर,
चपटी, मिशाळ, आमच्याकडे बघणारी.
पाणमांजरं.
ती एकमेकांना बारीक शीळ घालत होती,
काचेवर ओलं बोट फिरवावं तशी.
हे मी त्याला सांगितलं नाही.
गुडघा सोललेला, पायात इंजिनाचा चटका,
पण त्यामुळे नव्हे.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी फक्त मला ऐकू आलं होतं.

गालजीबागला रात्र झाली.
सुरूच्या बनातून सुलक्षा वेळीप पुढे चाललेली,
वनखात्याचा लाल टॉर्च वाळूकडे वळवून.
इनास काही बोलायला लागला की ओठांवर बोट ठेवी,
आणि तो शाळेतल्या पोरासारखा गप्प.
कासवीण खड्ड्यावर बसलेली, डोळ्यांतून पाणी.
दर थोड्या वेळानं एक श्वास,
आतून, लांबून, पोतं ओढत आणल्यासारखा,
आणि मग इतका वेळ काहीच नाही
की मी सुलक्षाकडे बघायचो, संपलं की काय.

कसं? त्यानं नुसत्या भुवयांनी विचारलं.
अंधारात ओठ दिसणार नव्हते.
मी त्याचा पंजा धरून माझ्या छातीवर ठेवला
आणि तिच्याबरोबर श्वास घेतला. सोडला. थांबलो.
तिच्याइतकं थांबणं मला जमलं नाही,
दोनदा ठसका लागला.

परत येताना, फुटक्या आरशातून मागचं काही दिसत नसताना,
तो कानाशी ओरडला:
दुपारी पाणमांजरं शीळ घालत होती ना?
तुझ्या तोंडावर दिसलं मरे.
मी मान हलवली. हो म्हणजे हो.
मग कधीतरी सांग, म्हणाला. घाई नाही.

लोलयेच्या उतारावर पेट्रोल संपलं.
आम्ही स्कूटर ढकलत चाललो,
आणि तो मात्र बराच वेळ
सीटवर तळहात ठेवून विचारत होता,
बंद आहे? नक्की बंद आहे?