एक पॉइंट दोन

आप्पांची मान उजवीकडं वळवून
पोरगी गळ्याला जेल लावते. गार.
ते दचकतात, अर्धेच.
दचकणंसुद्धा आता एका बाजूचं.

पडद्यावर करडी नळी,
वरची भिंत, खालची भिंत,
मधून रक्त जातं त्याचा आवाज,
पट्टा सैल झालेल्या लेथसारखा,
फस्, फस्, फस्.
"एक पॉइंट दोन," पोरगी म्हणते आणि टाइप करते.
आप्पांचे डोळे तिकडं फिरतात.

नावं गेली त्यांची.
माझं, आईचं, चहाचं, चपलेचं.
आकडे तेवढे राहिले.

चौतीस वर्षं उद्यमनगरात बोअर मारला त्यांनी,
पंपाच्या बॉडीला, गुऱ्हाळाच्या चरकातल्या बुशला,
दोन थाऊ इकडं-तिकडं झालं
तर जॉब स्वतःच भंगारात टाकायचे,
मालकानं बघायच्या आधी.
"मि... मिली?"
व्हय आप्पा, मिलिमीटर.
मान हलवतात.
रिजेक्ट.

लेथवर आतून खरवडत जायचं,
भोक मोठं होतं,
कीस खाली पडतो, निळसर, वेटोळा, गरम.
इथं उलटं चाललंय.
कुणी ऑर्डर दिली नाही तरी आतून थर चढतोय,
आणि तो उतरवायला
कुठलं टूल आत जात नाही.

गडहिंग्लजची तानूआत्या
एकावन्नाव्या वर्षी भाकरी थापता थापता कलंडली.
अंगावरून वारं गेलं, म्हणाले.
दौलूकाका गगनबावड्याच्या एसटीत.
झोपलाय समजून
शेवटच्या स्टॉपपर्यंत कुणी उठवलं नाही.
तेव्हाही वारंच.
आम्ही खिडक्या लावून घेत आलो,
थंडी नसतानाही कानाला मफलर.
वारं बाहेर नव्हतंच.

डॉक्टर हेर्लेकर कागदावर पिळाची शिडी काढतात,
एका पायरीवर पेनानं टिंब देतात :
इथं तुमच्या घरात एखादं अक्षर वेगळं असू शकतं.
अशी बरीच असतात, एकटं कुणी काही करत नाही,
बीपी लागतं, साखर लागते, विडी लागते मदतीला.
आणि हे नक्की असं नाही, बाई.
जोखीम.

गुजरीतला सोनार दागिन्यांना जोखीम म्हणायचा.
पिशवी पदराखाली धरा, जोखीम हाय.
आत्याच्या पाटल्या वाटून घेतल्या तेव्हा
वजन करून घेतल्या आम्ही.
हे कुणी तोललं नाही.
न मागता सगळ्यांना सारखं आलं,
किंवा नसेल आलं.

हिंदुराव रक्त देणार नाही म्हणाला.
"खाण तशी माती, त्यात काय तपासायचं?
आणि कळून काय करू? पांढरा रस्सा सोडू?"
हसला तो.
हसताना डावी भुवई चढली,
आप्पांची चढायची तशी,
माझ्या प्रणीतची गणित अडलं की चढते तशी.
मी बाही वर केली.
त्या बाटलीचं उत्तर तीन महिन्यांनी.
गळ्याचं मात्र लगेच दिलं :
पॉइंट आठ.
वय त्रेचाळीस.

सीपीआरच्या बाहेर कट्ट्यावर बसलो आम्ही.
आप्पांनी कागद डाव्या हातात घेतला, लांब धरला,
सगळी अक्षरं ओलांडून
बरोबर आकड्यावर थांबले.
मग शर्टाच्या खिशाकडं हात गेला,
जिथं विड्यांचा कट्टा असायचा,
रिकामा परत आला.
"मा... मापात," म्हणाले.
थोड्या वेळानं, "अजून."

रिक्षा बघायला उठले.
थांबा आप्पा, आलो, म्हटलं.
वळून बघते तर
अंगठा आणि तर्जनी डोळ्यासमोर धरलेली,
पॉइंट आठ केवढं असतं
ते स्वतःलाच दाखवत होते बहुतेक.
डाव्या हाताला मापाची सवय नाही.
फट थरथरत होती,
रुंद व्हायची, मिटत यायची,
आणि तिच्यातनं
दसरा चौकाकडं जाणारा सगळा रस्ता
जात होता.