निरगाठ

कायतान म्हणाला, दोन किलो शिसं इथेच ठेव.
गोडं पाणी आहे, अंगाला उचलून धरणार नाही.
समुद्रात आपण तरंगतो ते मिठाच्या उपकारानं.
पिसुर्ल्याच्या खाणीवर कुणाचे उपकार नाहीत.

वर रस्त्यावर बाबा स्कूटरला टेकून उभे.
खाली येत नाही म्हणाले. गुडघे.

पहिले पाच मीटर कोऱ्या चहाचे, कोमट.
मग हिरवं.
मग अकरा मीटरवर थंडीची एक कड,
इतकी सरळ की हात खाली घातला
तर मनगटापर्यंत हिवाळा
आणि कोपर अजून मे महिन्यात.

त्याखाली टॉर्चएवढंच जग:
खाणीच्या पायऱ्या, डंपर वळायचा तो उतार,
'हेल्मेट घाला' ही पाटी. अजून वाचता येते.

बेटापाशी बुडालेल्या बोटीवर मी रोज पर्यटक नेतो.
तिथलं लोखंड केव्हाच दुसऱ्यांचं झालंय,
शिंपल्यांचं, भाडं न देता राहणाऱ्या माशांचं.
इथे राहायला कुणी आलं नाही.
जे बुडालं ते बुडाल्या दिवशीच थांबलं.

पंपाचा तराफा सतराव्या मीटरवर सापडला.
फळ्यांना रंग आहे. खिळे आहेत.
खुंटीला कुणाचा तरी जेवणाचा डबा,
झाकण लागलेलं. उघडला नाही.

खाण बंद झाली त्या संध्याकाळी
बाबांनी पंप थांबवला, तराफा खांबाला बांधला.
पंधरा दिवसांत पुन्हा सुरू, साहेब म्हणाला होता.
वाऱ्यानं भरकटू नये म्हणून दोर आखूड ठेवला.
मग ज्या पाण्यासाठी गावातल्या विहिरी आटल्या
ते पाणी इथे येऊन बसलं,
वीत वीत करत चढलं,
आणि तराफा, ज्याला फक्त तरंगताच येत होतं,
तो दोर पुरेना म्हणून बुडाला.

चारांतल्या तीन टाक्या भरल्यात.
चौथीत अजून हवा आहे.
तेवढं एक टोक वर ओढतंय,
दावणीला हिसके देणाऱ्या पाडसासारखं.
दोराला बोट लावलं तर थरथर लागते.

गाठ ओळखली.
बाबा सगळ्याला निरगाठच मारतात,
दुधाच्या पिशवीला, गणपतीच्या मखराला,
माझ्या शाळेच्या डब्यालासुद्धा.
आई कात्री हाताशी ठेवायची.

माझ्या पोटरीला सुरी होती.
कायतानने मनगटावरचं घड्याळ दाखवलं.
मी सुरी काढली, मग म्यानात घातली,
की आधी म्यानात घातली आणि मग
काढल्यासारखं वाटलं, हे थंडीत नीट आठवत नाही.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो.
कानात माझाच श्वास, खालून काहीच नाही.

वर आलो तर बाबा रस्त्यावरूनच ओरडले,
सुटला नाही ना?

नाही.

मग बरं, म्हणाले,
आणि माझं ओलं सामान
स्कूटरला बांधायला घेतलं.